खोटे होकार

गच्चीवर आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा अंथरला होता आणि त्यावर बेचाळीस बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होत्या. सात ओळी, एकेका ओळीत सहा. त्यांतल्या सदतीस जशा थापल्या होत्या तशाच होत्या, कडा नुकत्या पांढुरक्या व्हायला लागलेल्या. उरलेल्या पाच दबल्या होत्या. फुटल्या असं म्हणता येत नव्हतं, कारण ज्वारीचा शिजवलेला घाटा अजून ओला होता. त्यात नुसता आकार उमटला होता. जिन्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तिरपी रेघ ओढली तर पाचही त्या रेघेवर येत होत्या. पहिल्या दोघींत मिळून एक पूर्ण पाऊल, पुढच्या दोघींत मिळून दुसरं, आणि शेवटच्या एकीवर नुसती टाच. टाचेच्या ठशात भेगासुद्धा दिसत होत्या.

मी वाकून बघत होते तेवढ्यात आई मागून आली. "मांजर व्हई," ती म्हणाली. मग तिनंही वाकून पाहिलं. "इतला मोठा पाय? हाई मांजर नऊ नंबरनी चप्पल घालस का काय?" माझे वडील, नाना, टाकीपाशी उभे होते, झाकण वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर वीट ठेवत. आई तिथूनच ओरडली, "ओ, तुम्हीच तुडव्यात ना बिबड्या?" नाना वळले. "मी काब्र तुडसू? माले काय दिसत नही का? मी कडेकडे ऊनू." असं म्हणत ते परत जिन्याकडे यायला निघाले, आणि आईनं धावत जाऊन त्यांचा दंड धरला नसता तर आणखी दोन-तीन गेल्या असत्या. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून त्यांनी उजवा पाय मांडीवर घेतला. तळव्याला घाटा चिकटला होता, त्यात तीळ. ते दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसे बघत राहिले. "हाई कवय लागनं?" हे कधी लागलं, असं ते स्वतःलाच विचारत होते, आम्हा दोघींना नाही. "आभायमाईन पडनं व्हई," आई म्हणाली आणि फडकं आणायला खाली गेली.

नाना खोटं बोलतात तेव्हा मला कळतं. तंबाखू सोडल्याचं सांगताना ते आधी घसा साफ करतात आणि शेवटी माझी शपथ घेतात. त्या सकाळी त्यांनी घसा साफ केला नव्हता, शपथही घेतली नव्हती. ते कडेकडेनं आले होते, त्यांच्या दृष्टीनं. मला दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरायच्या होत्या: बिबडीवर पाऊल पडलं होतं, आणि ज्याचं पडलं त्या माणसानं समोर पाहून पाऊल टाकलं होतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करताना आम्हाला शिकवलं होतं की दोन निरीक्षणं जुळत नसतील तर आधी उपकरण तपासा. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर प्रयोगशाळा घेते, मुलांना रोज हेच सांगते. पण इथे उपकरण म्हणजे नानांचे डोळे होते, आणि आमच्या घरात डोळ्यांविषयी कुणी काही बोलत नाही. चष्मा लावला की नाना औषधाच्या पाकिटावरची शेवटची बारीक ओळ वाचतात. पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, ते सीझनभर देखरेखीला असतात आणि लांबून ढीग बघून सांगतात, यात फटकी आहे, रंग उडालेली मिरची आहे, हा ढीग वेगळा करा. दर वर्षी साठीच्या वरच्यांसाठी तपासणी शिबिर भरतं, तिथे ते न चुकता जातात आणि घरी येऊन एकच शब्द बोलतात. "पास." मागच्या वर्षी आईनं विचारलंही होतं, "नंबर कितवा ऊना?"

मी एकदा त्या शिबिरात त्यांच्याबरोबर गेले होते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि रांग त्याच्या समोरच. पुढचा म्हातारा वाचत असतो ते मागच्या सगळ्यांना ऐकू जातं, आणि मागचे त्याला सांगतही असतात. "ट नही, आप्पा, ठ शे ठ." "तुले कोनी इचारं? तुन्हा नंबर ऊना का वाच." रांगेत आठव्या-नवव्या जागी पोचेपर्यंत प्रत्येकाचा तक्ता पाठ झालेला. कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं. शाळेत असताना पास झालं पाहिजे हे कळलं होतं आणि तेवढंच लक्षात राहिलं होतं. तपासणीचा उपयोग नापास होण्यासाठी असतो ही कल्पनाच रांगेत कुणाला नव्हती. नाना तर पाठ न करताही वाचू शकले असते. त्यांना समोरचं स्वच्छ दिसतं. बिबड्या समोर नव्हत्या, पायाशी होत्या. ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती जिन्यावरून उतरताना, आणि माझा हात आपोआप भिंतीला गेला, जसा धुडकूबाबांचा जायचा.

धुडकूबाबा नानांचे थोरले भाऊ. मी शाळेत होते तेव्हा ते आमच्याकडेच असत, पुढच्या खोलीत, दाराशेजारच्या खाटेवर. जन्म मिरचीत गेलेला. शेवटी त्यांना काही दिसत नव्हतं आणि गल्लीत सगळे म्हणत, मिरचीनी डोया खादा. ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते आजाराचं नावच वाटायचं. पूर्ण दिसेनासं होण्याआधी एक काळ होता, तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, बाबा, अंधार दिसतो का? ते म्हणाले, "अंधार कसाना वं पोरी? मी देखस तितलं सगळं दिसस. फक्त मानसं एकदम येतस. नही व्हतस, नी एकदम व्हतस." मला ते फार आवडलं होतं. मी खाटेच्या बाजूला उभी राहायचे आणि हळूच सरकत पुढे यायचे, आणि एका ठरावीक जागी ते दचकून हसायचे, "ऊनी का!" ती जागा मला माहीत झाली होती. पहिल्यांदा ती खाटेच्या पायापाशी होती, मग हळूहळू मधोमध आली. आज मी त्या खोलीत उभी राहून तो कोन डोळ्यांनी मोजला आणि मग मोजायचं थांबवलं.

दुपारी डबा विसरल्याचं निमित्त करून मी धानोरा रस्त्याच्या पथारीवर गेले. नाना डबा विसरले नव्हते, मी तो पिशवीतून काढून ठेवला होता. फाटकातून आत गेलं की पहिल्यांदा ठसका येतो, मग रंग. जमिनीवर नजर पोचेल तिथपर्यंत लाल, त्यात पाऊलवाटा, आणि वाटांच्या कडेला बायका मिरचीची डेखं, म्हणजे देठं, तोडत बसलेल्या, तोंडाला फडकी बांधून. सगळ्यांचे डोळे पाणावलेले, नानांचे, ट्रॅक्टरवाल्याचे, माझेही दोन मिनिटांत. इथे डोळ्याचं काही झालं तर कारण शोधावं लागत नाही. कारण सगळीकडे पसरलेलं असतं. नाना लांबून येत होते, हात मागे बांधून, मान ताठ. मला त्यांची ही चाल ओळखीची होती, पण आज मी त्यांच्याकडे बघत नव्हते, त्यांच्या पायांसमोरच्या जमिनीकडे बघत होते. ते जवळ येत तसतसे बायकांचे हात उचलले जात होते. पसरलेले पाय आत घेतले जात होते, पाण्याची बाटली, चहाचा कप, निजलेलं मूल, सगळं ते येण्याआधी वाटेतून सरकत होतं आणि ते गेल्यावर परत जागेवर येत होतं. नानांसमोर वाट आपोआप मोकळी होत होती आणि त्यांना वाटत होतं ती मोकळीच आहे.

मी कडेच्या भुरीबाईपाशी बसले. ती गेली कित्येक वर्षं सीझनला अक्कलकुव्याकडून येते, मला लहानपणापासून ओळखते. "मावशी, तुम्ही सगळ्या हात काब्र उचली लेतस?" ती फडक्याआडून हसली. "तुन्हा बाप शे ना. साहेब. पहिले असा नव्हता, पहिले 'भुरी, हात संभाय' सांगे. आते काही सांगत नही, देखत बी नही, सिध्धा चालस. दिवाळीनंतर भलता रुबाब ऊना त्याले." शेजारची म्हणाली, "मालकना माणूस, रुबाब नही करी तर काय आपुन करसुत?" आणि दोघी हसल्या. मी पण हसले. ज्याला त्या रुबाब म्हणत होत्या ते खरं काय आहे हे मी त्यांना सांगू शकत होते आणि सांगितलं नाही, कारण ही गोष्ट पथारीवर एकीला सांगितली की संध्याकाळपर्यंत शेठला कळते, आणि पथारीवर ज्याला दिसत नाही असा देखरेखीचा माणूस म्हणजे विनोद. परत येताना रिक्षात मी एक डोळा मिटून रस्त्याकडे बघत होते. मग दुसरा. सगळं पूर्ण दिसत होतं. पूर्ण दिसतं यानं काही सिद्ध होत नाही, हे मला आता कळत होतं, आणि ते कळल्यापासून काहीही पूर्ण वाटेनासं झालं होतं. रिक्षावाल्याची मान, मीटर, बाजूनं जाणारी उसाची ट्रॉली. यातलं मला दिसतंय किती आणि मी भरून काढतेय किती.

डोळ्यांच्या दवाखान्यात नाना आले ते माझ्या हट्टासाठी, आणि आपण पास होणार या खात्रीनं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तक्ता वाचायला लावला, नानांनी शेवटची ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी हनुवटी यंत्रावर टेकवायला सांगून डोळ्यातला दाब मोजला. डाव्यात अठ्ठावीस, उजव्यात सव्वीस. एकवीसच्या वर नको असतो. दिव्याच्या झोतात त्या बराच वेळ डोळ्याच्या मागच्या पडद्याकडे बघत राहिल्या. "काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "घरात कुणाला होता?" नाना म्हणाले, "नाही. भावाला मिरची लागली होती." "मिरचीनं डोळे चुरचुरतात, काका. नस मरत नाही. हा दाब हळूहळू नस मारतो, दुखत नाही, खुपत नाही, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं. गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते राखता येईल." नाना म्हणाले, "पण मी दर वर्षी तपासतो, मॅडम." त्यांच्याशी ते शाळेतली मराठी बोलत होते. "अक्षरं तपासलीत," त्या म्हणाल्या. "दाब कुणी मोजला? पडदा कुणी पाहिला?" त्या शिबिराच्या रांगेत एकदा मीही उभी होते.

किती उरलंय ते बघायला दुसऱ्या खोलीत आणखी एक यंत्र होतं. पांढऱ्या वाटीसारखं, माणसाचं डोकं आत जाईल एवढं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं मधल्या पिवळ्या दिव्याकडे एकटक बघायचं, आणि वाटीत कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र चालवणारी सबीहा माझ्याच वयाची होती, बोलायला मोकळी. "नाना, दिखा तो दबाना, नही दिखा तो नही दबाना. बस. इसमें पास-फेल कुछ नही." नाना म्हणाले, "समजनं." मी बाहेर बाकावर बसले. मधे नुसता लाकडी आडोसा होता आणि बटणाचा आवाज स्पष्ट येत होता. टक टक टक टक. एका लयीत, न थांबता, शिवणयंत्रासारखा. मला बरं वाटायला लागलं. इतके होकार म्हणजे इतके ठिपके दिसताहेत. मी मनातल्या मनात बिबड्यांना दुसरं कारण शोधायला लागले. ऊन डोळ्यावर असेल, पांढऱ्या कापडावर पांढऱ्या बिबड्या, कुणाला दिसल्या असत्या?

सबीहा कागद घेऊन आली तेव्हा हसत नव्हती. त्या वयाच्या निरोगी माणसाइतकं दिसत असेल तर आकडा शून्य येतो, तिनं मला समजावलं. कमी दिसेल तसा उण्यात जातो, उणे सहापर्यंत सुरुवात, उणे बाराच्या पुढे गेला की नुकसान मोठं. नानांच्या डाव्या डोळ्याचा आकडा उणे चार होता. "लेकिन ये मत देखो, दीदी. ये देखो." तिनं खालच्या एका ओळीवर नख ठेवलं. यंत्र मधूनमधून मुद्दाम काहीच दाखवत नाही. ठिपका येतानाचा आवाज करतं, आणि वाट बघतं. त्या वेळी कुणी बटण दाबलं तर तो खोटा होकार. नानांचे खोटे होकार अडतीस टक्के होते. "मशीनने लाईट दिया ही नही और नानाने बोला, हो दिखा. इस रिपोर्ट का कुछ नही होता. वापस करना पडेगा." डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. दाबासाठी थेंब आजपासून सुरू करू, पण नुकसान किती झालंय ते नीट कळल्याशिवाय थेंबांवर भागेल की ऑपरेशन लागेल हे ठरवता येत नाही, आणि ते ठरवायला उशीर नको. नाना बाहेर येऊन चपला शोधत होते. चपला त्यांच्या डाव्या पायाशेजारीच होत्या. "कसं झायं?" मी विचारलं. "एक बी सोडा नही मी," ते म्हणाले.

दवाखान्यात परत यायला ते तयार होईनात. थेंबांनी डोळे चुरचुरायचे आणि दिसण्यात काडीचा फरक नव्हता; असणारही नव्हता, थेंबांचं काम आहे ते तसंच ठेवायचं, पण ज्यानं काही सुधारत नाही ते औषध कसलं, हा त्यांचा प्रश्न मला खोडता येत नव्हता. मी म्हटलं, नाना, आपण पुन्हा एकदा ती तपासणी करू. "एकदाव करी ना. पास झायं ना." "पास नही झायं, नाना. तुम्ही नही दिसनं तठे बी दाबं." "माले दिसनं म्हनीसन दाबं." आई मधे पडली, "तुम्हले काय जास? पोर सांगी ऱ्हायनी तर चला ना." तेव्हा नाना एकदम चढ्या आवाजात बोलले, जे ते कधी बोलत नाहीत. "सेठले समजनं तर? सकाय तो माले घर बठाडी देई. मंग मी काय करू, धुडकूभाऊनी खाट झाडू?" ती खाट आता माळ्यावर उभी करून ठेवली आहे. मला त्या क्षणी दिसलं की हे सगळं त्यांना माहीत आहे. शब्दांत नाही, पण कुठेतरी माहीत आहे, आणि म्हणूनच हात बटणावरून उठत नव्हता. ज्याला काहीच संशय नाही तो माणूस इतका सतत हो म्हणत नाही. ते वाक्य मी मनात दोनदा तपासून पाहिलं, मला त्याचा पुरावा देता आला नसता.

आकडे मी त्यांना सांगितले होते. अठ्ठावीस, एकवीस, अडतीस टक्के. आकडे ऐकताना ते आदरानं मान हलवतात, पोरगी शिकली म्हणून, आणि आकडा बाजूनं निघून जातो. मग एका रविवारी दुपारी आई वर्षाची मिरची निवडायला बसली होती. पितळेची परात, शेजारी डेखांचा ढीग, आणि समोर तिनं अंथरलेला पांढरा पंचा. नाना भिंतीला टेकून बसले होते. मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सरांनी कागदावर करून दाखवलेली एक गोष्ट आठवली. मी एका लाल मिरचीचे नखाएवढे दोन तुकडे तोडले आणि पंच्यावर ठेवले, एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे वीतभर अंतर. "नाना, जरा खाले वाका. डावा डोया हातघाई झाका. नी उजव्या डोयाघाई हाऊ डावा तुकडा देखा. फक्त हाऊच. दुसराकडे देखू नका." "आते हाई काय नवं?" "देखा तर." ते वाकले. मी म्हटलं, आता हळूहळू वर या. आई डेखं तोडता तोडता बघत होती. नाना वर येत होते आणि एका जागी थांबले. "दुसरा कोठे गया?" ते म्हणाले. त्यांनी झाकलेला डोळा उघडला. तुकडा तिथेच होता. परत झाकला. "तू उचली लिधा का?" "मन्हा हात आठे शेतस." "मंग कोठे गया?" "कोठेच नही गया. सगळासले असंच व्हस. माले बी, आईले बी. डोयामा जठून नस मांघे जास, तितली जागा आंधळी ऱ्हास." आई हसली, "दखाड माले," आणि हात पुसून तीही वाकली आणि "अगं माय!" म्हणून मागे झाली.

नाना हसले नाहीत. ते परत वाकले. "जठे तुकडा नही दिसस," मी विचारलं, "तठे काय दिसस?" ते बराच वेळ बघत राहिले. "पंचा." "पंचा कोन दखाडस? डोया तर तठे आंधळा शे." त्यांनी डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डोकं दखाडस, नाना. आजूबाजूले पंचा शे, तर मधमा बी पंचाच व्हई, असं म्हनीसन भरी देस. आपुनले समजत बी नही का काही हराई गयं." त्यांनी उजवा डोळा झाकला, डावा उघडा ठेवला. एक तुकडा समोर ठेवून त्याच्यावर नजर लावली आणि दुसरा बोटानं पंच्यावर सरकवायला लागले. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. बोट बाजूला गेलं, मग खाली आलं, मग आणखी खाली, नाकाकडे. जिथे तुकडा दिसेनासा होई तिथे ते थांबत, जिथे परत दिसे तिथेही थांबत. माझ्या डोळ्यात जी जागा नखाएवढी आहे ती त्यांच्या बोटाखाली पसरत चालली होती. पंच्याचा खालचा जवळजवळ सगळा भाग त्यांनी बोटानं फिरून पाहिला, शेतकरी बांध चालून पाहतो तसा, आणि तुकडा त्यात कुठेच उगवला नाही. आईचे हात परातीत थांबले होते. गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. नानांनी दोन्ही डोळे उघडले आणि तुकडा उचलून परातीत टाकला.

"धुडकूभाऊ हाईच सांगे," ते म्हणाले. "आम्ही म्हनूत, म्हतारा नाटक करस." मग, माझ्याकडे न बघता, "पथारीवर बाया खाले बठतस. भुरीना हातवर कधी पाय पडना का मन्हा?" मी म्हटलं, "नही. तुम्ही येतस तर त्या हात उचली लेतस." "सगळ्या?" "सगळ्या." त्यांनी मान हलवली. आदरानं नव्हे. मिरचीनं आमच्या तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलेलं होतं, ते कुणी पुसलं नाही. मला वाटलं होतं, पटवून दिलं की हलकं वाटेल. पण मी एका माणसाच्या हातातून त्याचा पंचा काढून घेतला होता, आणि त्या जागी काय ठेवायचं ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आईही आली. सबीहानं ओळखलं. "आ गये नाना? आज बटन को थोडा आराम देना हां." नाना म्हणाले, "आज नही दिसनं तर नही दाबनार." "बस, वही चाहिए." आत जाताना त्यांनी उंबरा पायानं चाचपला, उघडपणे, आम्हा सगळ्यांसमोर, आणि मग पाऊल टाकलं. मी आणि आई त्याच बाकावर बसलो. आडोशापलीकडून बटणाचा आवाज सुरू झाला. टक. टक. मग थांबला. मी वाट बघत होते. टक, आणि परत लांबच लांब शांतता, मधेच सबीहाचं "बराबर, नाना, बराबर", आणि शांतता. मला आता माहीत होतं की या शांततेत यंत्र रिकामं बसलेलं नाही; त्या पांढऱ्या वाटीत ठिपके चमकताहेत, एकामागून एक, आधी मंद, मग प्रखर, आणि आत बसलेला माणूस मधल्या पिवळ्या दिव्याकडे एकटक बघत बटणावरून अंगठा उचलून बसला आहे. आई म्हणाली, "मशीन बंद पडनी का वं?" मी म्हटलं, नाही. तिनं माझा हात धरला. तिची बोटं डेखं तोडून खरखरीत झालेली, मिरचीनं अजून गरम. मला वाटत होतं त्यांनी एकदा तरी, चुकून का होईना, दाबावं. मग मला ते वाटल्याची भीती वाटली. टक. शांतता. पट्टी बदलल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, मग दुसरा डोळा, या वेळी टक जास्त वेळा वाजलं. सबीहा कागद घेऊन बाहेर आली आणि तिनं तो आधी नानांच्या हातात दिला. नानांनी चष्मा लावला आणि बारीक अक्षरांतले आकडे स्वतः मोठ्यानं वाचले.

उजवा डोळा : उणे पाच पूर्णांक आठ. डावा डोळा : उणे चौदा पूर्णांक तीन. खोटे होकार : शून्य टक्के.